कागद कुठी जाते जी? : केंद्रीय पर्यावरणमंत्री आणि मुख्यमंत्री यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली
आणि
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जनुकीय बदल केलेल्या पिकांबाबत कोणाचा अधिकार कुठवर आणि नुकसान झाल्यावर जबाबदारी कोणाची, हे एकदाचं ठरवण्याबाबत.

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. वेगवेगळी लिहिली असती तर दिल्लीचं पत्र "राज्याचा विषय" असा शेरा घेऊन मुंबईला आलं असतं आणि मुंबईचं "केंद्राच्या अखत्यारीतील बाब" म्हणून दिल्लीला गेलं असतं. मी ३१ वर्षं कृषी खात्यात सहायक म्हणून काढली. असे शेरे मी स्वतःच्या हाताने लिहिलेत, म्हणून ठाऊक आहे. आता निवृत्त आहे. वर्धा नदीच्या काठी सहा एकर कोरडवाहू शेत आहे. चार एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि दोनात सोयाबीन-तूर. गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्या कार्यालयांबद्दल लिहिणार आहे तिथली माणसं माझ्याच पंगतीतली आहेत, आणि दोष त्यांचा नाही.

२०१७ चा डिसेंबर. तालुक्याच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून आम्ही जी फॉर्म घेत बसलो होतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली नुकसानीची तक्रार ज्या नमुन्यात करायची, तो हा जी. सोबत सातबारा, बियाण्याचं बिल, रिकामं पाकीट. रांग रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत गेलेली. कोणी बोंडं फडक्यात बांधून आणलेली, कोणी अख्खं झाडच उपटून खांद्यावर टाकलेलं. मग पाहणीला शेतात जायचं, वीस हिरवी बोंडं तोडायची, चिरायची आणि किडकी किती ते लिहायचं. त्या दोन महिन्यांत माझ्या खिशात पेनाच्या शेजारी कायम एक छोटा चाकू असायचा.

एका म्हातारीच्या शेतात वीस बोंडं चिरली, सतरा किडकी निघाली. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, बघणाऱ्याला वाटावं पीक झकास आहे. चिरलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून कप्प्याला चिकटलेली, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात बारीक भोक पाडून गेलेली गुलाबी अळी. म्हातारी माझ्यासमोर उकिडवी बसून प्रत्येक बोंडाकडे बघत होती. सतरावं चिरून झाल्यावर तिने विचारलं, "हे कागद कुठी जाते जी?"

मी म्हटलं, "वर."

"वर म्हंजे कुठी?"

मला उत्तर देता आलं नाही. आठ वर्षं झाली, आठवडी बाजारात भेटली की अजून विचारते. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचा मी घेतलेला माग आहे, म्हणून लांबलंय. वाचून घ्यावं ही विनंती.

त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारने मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, ओलिताला ३७,५००. आकडा ऐकून गावात पेढे वाटायचेच बाकी होते. पण फोड बघितली तर कोरडवाहूच्या ३०,८०० मध्ये ६,८०० आपत्ती निधीतले, ८,००० पीक विम्याचे आणि सगळ्यात मोठा हिस्सा, १६,०००, बियाणे कंपन्यांनी द्यायचा. कंपन्यांचं म्हणणं, बियाणं सदोष नव्हतं, पाकिटावर लिहिलेला जीन आत होता, अळीने प्रतिकारशक्ती कमावली त्याला आम्ही काय करणार. आणि खरं सांगायचं तर शास्त्राच्या हिशोबाने त्यांचं अगदीच चूक नव्हतं. माझ्या बँक खात्यात आपत्ती निधीचे पैसे आले. तो १६,००० चा हिस्सा आजतागायत आलेला नाही. म्हातारीलाही नाही.

इथे पहिली तक्रार सुरू होते. हे बियाणं शेतात यावं असा होकार कोणी दिला? दिल्लीने. २६ मार्च २००२ रोजी जीईएसीने, म्हणजे जनुकीय बदलाच्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने, बीटी कापसाला (बोंडअळी मारणारा जीन घातलेल्या कापसाला) पहिली मंजुरी दिली, २००६ मध्ये दोन जीनवालं बोलगार्ड-२ आलं. तो होकार पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ आणि त्याखालच्या १९८९ च्या नियमांनी दिलेला. राज्यघटनेत मात्र शेती राज्यांच्या यादीत आहे, चौदावी नोंद, आणि त्यात किडींपासून संरक्षण हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे बियाणं दिल्लीच्या सहीने येतं, त्यावर पडलेली कीड राज्याची, आणि भरपाई मागायची ती ज्याच्याशी सरकारने भरपाईचा कुठलाच करार केलेला नाही अशा कंपनीकडे. म्हातारीचा कागद या तिघांच्या मधल्या धुऱ्यावर पडला आहे.

होकार देतानाच अटी घातल्या होत्या, हे मला मान्य आहे. बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रात नॉन-बीटी लावायची, म्हणजे अळीला साधी पऱ्हाटी खायला मिळते आणि तिची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. आता कबुली देतो. मी गावोगाव सभा घेऊन सांगायचो, पुडी फेकू नका, कडेने लावा. आणि माझ्या स्वतःच्या शेतात मी ती एकदाही लावली नाही. पुड्या कोठ्याच्या आड्यावर खोचून ठेवलेल्या असायच्या, घरच्या बाईने एका दिवाळीत झाडून काढल्या. चार एकरवाल्या माणसाने स्वतःच्या हाताने अळीसाठी राखीव जागा सोडायची, हे कागदावर वाचायला बरं वाटतं. पण समजा कोणी लावली नाही, तर कोणी बघायचं? तशी तपासणी करायचा एकही आदेश ३१ वर्षांत माझ्या टेबलावर आला नाही. अट दिल्लीची, शेत माझ्या साझ्यातलं, आणि मधे कोणीच नाही.

बरं, गुजरातेत २०१४-१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ वर गुलाबी बोंडअळी दिसू लागली होती. आमच्याकडे घाला पडला २०१७ ला. दोन-अडीच हंगाम हातात होते. १९८९ च्या त्या नियमांत मंजुरी कायमची नसते, सुरुवातीला जास्तीत जास्त चार वर्षं आणि मग दोन-दोन वर्षांनी नूतनीकरण असं लिहिलंय. ही तरतूद एकदा वापरलीही गेली. पहिल्या तीन संकरित वाणांनी आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांना दगा दिला, राज्याने तसा अहवाल पाठवला आणि २००५ मध्ये जीईएसीने त्या वाणांची आंध्रातली मुदत वाढवायला नकार दिला. राज्याचा कागद वर गेला, तिथे वाचला गेला आणि निर्णय बदलला. म्हणजे हे होऊ शकतं. आमच्या २०१७ च्या कागदांच्या नशिबी ते का आलं नाही?

दुसरी तक्रार वाचून तुम्हाला कदाचित हसू येईल. मलाही आलं होतं.

१९८९ चे ते नियम निवृत्तीनंतर सावकाश बसून वाचले. त्यात दिल्लीच्या समित्यांखाली आणखी दोन पायऱ्या आहेत. राज्याची समन्वय समिती, अध्यक्ष मुख्य सचिव. तिला पाहणी करायचा, चौकशी करायचा आणि दंडात्मक कारवाईचा अधिकार. आणि जिल्हास्तरीय समिती, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिने जागेवर जाऊन धोका ओळखायचा आणि वर कळवायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत या समितीचं नाव मी ऐकलं नव्हतं. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, गेल्या पाच वर्षांत समितीच्या किती बैठका झाल्या आणि त्यांची इतिवृत्तं द्यावीत. महिन्याने उत्तर आलं की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्ज अमुक कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. ते अमुक कार्यालय म्हणजे माझंच जुनं खातं. तिथून तो प्रदूषणवाल्यांकडे गेला. तिथून परत पहिल्या टेबलावर. शेवटी एका ओळीचं पत्र मिळालं : "माहिती निरंक." ते मी जपून ठेवलंय. अर्ज वर्ग करणारा एक बाबू माझ्या हाताखाली शिकलेला. फोनवर म्हणाला, "काका, ही समिती काहून शोधता? कोणालेच माहीत नाही."

त्या समितीच्या नियमातल्या यादीत जिल्हाधिकाऱ्यांसोबत कारखाना निरीक्षक आहे, प्रदूषण मंडळाचा माणूस आहे, वैद्यकीय अधिकारी, कृषी अधिकारी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत. शेतकरी नाही. ज्याच्या शेतात हे सगळं उगवायचं त्याला खुर्ची ठेवायची राहून गेली, आणि पस्तीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

अधिकार वाटून द्या अशी मागणी सुरू झाली की दिल्लीतले विद्वान म्हणतात, राज्यांकडे आणि जिल्ह्यांकडे तेवढी क्षमता नाही. क्षमता येणार कुठून? जी समिती कधी बसलीच नाही, ती शहाणी कशी होईल?

तिसरी गोष्ट, राज्याच्या होकाराची. २०१० मध्ये बीटी वांग्यावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती दिली. त्या सातांत नागपूर होतं. मी एक दिवसाची रजा टाकून गेलो होतो. आरडाओरडा भरपूर होता, पण मंत्री समोर बसून ऐकत होता. त्यानंतर २०११ पासून शेतातल्या चाचणीसाठी राज्याचं ना-हरकत पत्र घ्यायची पद्धत सुरू झाली. चांगली गोष्ट. पण ती मूळ नियमांत लिहिलेली नाही, समितीच्या निर्णयाने आली, उद्या समितीच्या निर्णयाने जाऊ शकते. आणि गंमत बघा. अर्ध्या एकरातल्या, कुंपणाआडच्या चाचणीला राज्याचा होकार लागतो, पण तेच बियाणं लाखो एकरांवर पेरायला सोडायचं तेव्हा राज्याच्या होकाराची अट नियमात नाही. गोठ्यात शिरायला परवानगी आणि घरात शिरायला नको, असं झालं हे.

राज्यानेही या अधिकाराचं सोनं केलंय असं नाही. मुख्यमंत्री महोदय, हे तुमच्या खुर्चीसाठी आहे, त्यावर कोण बसलं होतं ते सोडून द्या. २०२२ च्या अखेरीस गुलाबी बोंडअळीविरुद्धच्या नव्या जीनच्या कापसाची चाचणी काही ठिकाणी घ्यायचं जीईएसीने सुचवलं, त्यात आमचं अकोला होतं, जालना होतं. हरियाणाने होकार दिला. आमच्याकडे तो जीन चालतो की नाही हे आमच्याच मातीत बघायची संधी होती. ती घ्यायची नव्हती तर तसं ठरवा, माझी हरकत नाही, त्यालाही कारणं असतील. पण ती कारणं ज्याच्या शेतात अळी आहे त्याला मराठीत कळली पाहिजेत. कारण न देता गप्प बसणं हा निर्णय नव्हे, ती टाळाटाळ. आमच्या खात्यात त्याला "फाईल पिकत घालणे" म्हणायचे.

चौथी तक्रार किमतीची आणि औषधांची, तिच्यावर फार वेळ घेत नाही. सुरुवातीला बीटीचं पाकीट १,६०० रुपयांना होतं. ते खाली आणलं राज्यांनी. आंध्र प्रदेश २००६ मध्ये एमआरटीपी आयोगाकडे, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या आयोगाकडे, गेला आणि पाकीट ७५० वर आलं. मग गुजरात आणि महाराष्ट्राने आपापले कायदे केले. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढून तो विषय स्वतःकडे घेतला. किंमत देशभर एक झाली, त्यात शेतकऱ्याचा फायदा आहेच. २०२५ च्या हंगामात बोलगार्ड-२ चं पाकीट ९०१ रुपयांना घेतलं. पण किंमत ठरवणारा एक आणि भरपाई वसूल करायचा कायदा दुसऱ्याच्या हातात, मग किमतीत भरपाईची तरतूद कोण करणार?

औषधांचंही तेच. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यातले कितीतरी मजूर होते, पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरलेले. राज्याने पाच कीटकनाशकांवर बंदी आणली, ६० दिवसांची. साठच का? कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला तेवढाच हात आहे, फार तर आणखी ३० दिवस. माणूस कायमचा मेला तरी बंदी तात्पुरती.

आता चोर बीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं पण मंजुरी नसलेलं कापसाचं बियाणं. इथे जरा थांबतो, कारण यावर दोन्हीकडचे लोक खोटं बोलतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की रात्री मोटारसायकलवर पाकिटं येतात. ना बिल, ना कंपनीचा पत्ता, पाकिटावर एखादं देवाचं किंवा वाघाचं चित्र. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, एवढीच हमी, तीही तोंडी. लोक का घेतात? आमच्याकडे जुलैत आठ-आठ दिवस झडी लागते. वाफसा येत नाही, डवरा चालत नाही, तण पऱ्हाटीच्या वर जातं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर तीनशे रुपये रोज आणि ऑटोने ने-आण. चार एकरांच्या दोन निंदणीत माणूस आडवा होतो. माझ्या सख्ख्या पुतण्याने दोन वर्षं चोर बीटी लावली. मी त्याला रागावलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही पगारावर शेती केली, मी शेतीवर घर चालवतो." यावर बोलायला मला जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याच्या अर्ध्या शेतात उगवणच झाली नाही. तक्रार कुठे करणार? जी फॉर्मला बिल लागतं. त्याच्या शेतात निंदायला जाणाऱ्या चार बायांचा त्या पावसाळ्यात रोज बुडाला, त्यांचा तर कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

२०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हेच बियाणं दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यांसमोर पेरलं. पुढे शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हा पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिथे आर्थिक दंड आणला. पण गावपातळीवर परिस्थिती काय? कृषीचा गुणनियंत्रण निरीक्षक पाकिटं पकडतो, पंचनामा करतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. पर्यावरण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे न्यायालयाने दखल घ्यायची तर तक्रार केंद्राने किंवा केंद्राने अधिकार दिलेल्याने करायची, नाहीतर सामान्य माणसाने ६० दिवसांची नोटीस देऊन. साठ दिवसांत पऱ्हाटीला पात्या लागतात. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच मारायचं. असा व्यावसायिक आमच्या तालुक्यात कोणी पाहिला असेल तर मला त्याचा सत्कार करायचाय.

या बियाण्याला परवानगी द्या म्हणणारे आणि देऊ नका म्हणणारे, दोघांनीही मला आपापल्या मंचावर बोलावलं. दोन्हीकडे चहा प्यालो. दोन्हीकडे एकच गोष्ट कोणी बोललं नाही : आज जे चाललंय त्यात परवानगी नसूनही बियाणं आहे आणि बंदी असूनही रोखणारा नाही. दिल्लीच्या बंदीची अंमलबजावणी म्हणजे माझ्या जागी आता नोकरीला लागलेला एक पोरगा, ज्याच्याकडे चार-पाच गावं आणि पेट्रोलला पैसे नाहीत.

शेवटची तक्रार एका परिच्छेदात. २३ जुलै २०२४ रोजी जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही, पण एका गोष्टीवर झालं. केंद्राने राज्ये, शेतकरी, तज्ज्ञ या सगळ्यांशी बोलून जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं, शक्यतो चार महिन्यांत. ते चार महिने कधीच सरले. आमच्या तालुक्यात विचारायला कोणी आलेलं नाही. येता येत नाही असं नाही. २०१२ मध्ये संसदेची कृषी स्थायी समिती, बसुदेव आचार्य अध्यक्ष होते, यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा आणि मारेगावला येऊन लोकांमध्ये बसली होती. लोक बोलले. ऑगस्टमध्ये अहवाल आला. दिल्लीची गाडी आमच्या रस्त्याने येऊ शकते, हे आम्ही पाहिलंय.

आता मला काय हवंय ते सांगतो. सगळा अधिकार राज्याला द्या असं मी म्हणत नाही. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं आणि बियाणं नाक्यावर थांबत नाही. जीन सुरक्षित आहे का, माणसाला, जनावराला, मातीला, हे प्रत्येक राज्याने वेगळं तपासण्यात अर्थ नाही, तेवढे शास्त्रज्ञही नाहीत. ते काम एका ठिकाणीच हवं. पण सुरक्षित आहे म्हणजे आमच्या कोरडवाहू काळ्या मातीत, आमच्या पावसात, आमच्या कर्जात परवडतं असं होत नाही. हा दुसरा प्रश्न राज्याचा आहे. ऑस्ट्रेलियात सुरक्षिततेचा परवाना मध्यवर्ती नियामक देतो आणि बाजारपेठेच्या कारणावरून राज्याला ते पीक आपल्या हद्दीत थांबवता येतं. युरोपीय संघाने २०१५ मध्ये सदस्य देशांना अशीच मुभा दिली. आणि पीक शेतात कसं वागतंय, अटी पाळल्या जातायत का, अळी कधी फिरली, हा तिसरा प्रश्न जिल्ह्याचा आहे, कारण ते दिसतं फक्त इथूनच.

म्हणून मागण्या अशा.

जिल्हास्तरीय समिती या खरिपाच्या आत प्रत्येक कापूस जिल्ह्यात स्थापन करा. तिच्यात किमान तीन शेतकरी घ्या, त्यातली एक कोरडवाहू शेतकरी बाई, आणि एक शेतमजूर घ्या. कृषी विज्ञान केंद्राचा माणूस घ्या. वर्षातून दोनदा बैठक, एक पेरणीआधी, एक बोंडं भरताना. इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत.

चाचणीला जसा, तसाच लागवडीलाही राज्याचा होकार आवश्यक, हे नियमात लिहा. समितीच्या ठरावावर सोडू नका. राज्याने ९० दिवसांत हो किंवा नाही सांगावं, कारणं छापावीत. मुदतीत उत्तर नसेल तर मुख्य सचिवांनी विधिमंडळासमोर खुलासा ठेवावा.

प्रत्येक मंजुरीची पाच वर्षांनी विभागवार फेरतपासणी करा, आणि ती जिल्ह्यांच्या अहवालावर करा. विदर्भात निकामी ठरलेला जीन पंजाबात चालतो म्हणून विदर्भात विकला जाऊ नये.

भरपाईचं उत्तर मंजुरीच्या कागदावरच असू द्या. कंपनीने मंजुरीच्या वेळीच ठेव ठेवावी, केंद्राने ती स्वतःकडे सांभाळावी, आणि जिल्हा समितीने तंत्रज्ञान फसल्याचा अहवाल दिला की ९० दिवसांत पैसे शेतकऱ्याच्या खात्यात पडावेत. बियाणं "सदोष" होतं की अळी "प्रतिकारक" झाली, हा वाद कंपनी आणि सरकारने नंतर निवांत घालावा. २०१७ च्या जी फॉर्मचं काय झालं, याची तालुकावार यादी राज्याने जाहीर करावी.

तणनाशक सहन करणाऱ्या कापसावर हो की नाही, एकदा उघड सांगा. नाही असेल तर गुन्हे पेरणाऱ्यावर न घालता माल आणणाऱ्यावर घाला आणि तक्रारीचा अधिकार जिल्ह्यात द्या. हो असेल तर निंदणाऱ्या बायांच्या बुडणाऱ्या रोजाचा हिशोब त्याच निर्णयात करा.

राष्ट्रीय धोरणाची सुनावणी एका तरी कापूस तालुक्यात घ्या. कागदपत्रं मराठीत द्या. पेरणीच्या दिवसांत घेऊ नका, कोणी येणार नाही.

एवढंच. तुमच्यापैकी कोणीही आमच्या जिल्ह्यात समितीची पहिली बैठक लावली तर तारीख तेवढी कळवा. ऑक्टोबरच्या शेवटी ठेवलीत तर बरं, तेव्हा बोंडं हिरवी असतात. मी वीस बोंडं घेऊन येईन, चाकू अजून आहे. म्हातारीलाही सोबत आणतो. तिचा प्रश्न तिला स्वतःलाच विचारू द्या.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक आणि कापूस उत्पादक
वर्धा नदीकाठ, विदर्भ